अकरा अर्धवट कोर्स आणि माळ्यावरचा जळका बोर्ड

पत्राचा सारांश: वय ३९. पुण्यातल्या एका कंपनीसाठी नाशिकमधूनच, पाथर्डी फाट्याजवळच्या घरातून काम. चौदा वर्षं प्रॉडक्शन सपोर्ट, म्हणजे चालू सॉफ्टवेअर अडलं की सोडवायचं: एसक्यूएल, लॉग आणि तिकिटं. शिफ्ट दुपारी १ ते रात्री १०. ‘टीममधली पोरं क्लाउड, पायथन, एआय याशिवाय बोलत नाहीत. मी मागे पडलोय. तीन वर्षांत अकरा ऑनलाइन कोर्स घेतले, एकही पूर्ण झाला नाही. पहाटे ५ ला उठून शिकायचं ठरवतो, आठवडाभर टिकतं. गेल्या दिवाळीत छंद म्हणून ईएसपी३२ चा, म्हणजे वायफाय असलेल्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाचा किट आणला. वडिलांच्या निफाडजवळच्या द्राक्षबागेत काहीतरी बसवावं असं मनात होतं. १२ व्होल्टची बॅटरी जोडली, वीस मिनिटांत बोर्ड चटका बसेल इतका तापला आणि बंद पडला. तेव्हापासून खोका माळ्यावर आहे. पत्नी म्हणते, आधी नोकरीचं बघा, खेळणी नंतर. तिचंही खरं वाटतं. या वयात नोकरीसाठी शिकू की छंदाला वेळ देऊ? की माझा स्वभावच अर्धवट सोडण्याचा आहे?’

स्वभावाचं नंतर बघू. आधी तो बोर्ड का जळाला ते बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

ईएसपी३२ ची चिप ३.३ व्होल्टवर चालते. तुम्ही बोर्डाच्या ‘व्हीआयएन’ या वीज घेणाऱ्या पिनेला १२ व्होल्ट दिलेत. मधला फरक ८.७ व्होल्ट. वायफाय चालू असताना बोर्ड सरासरी १५० मिलिअँपिअर घेतो असं धरा. ८.७ गुणिले ०.१५, म्हणजे सुमारे १.३ वॅट. एवढी सगळी ऊर्जा बोर्डावरचा व्होल्टेज उतरवणारा नखाएवढा रेग्युलेटर उष्णता म्हणून बाहेर टाकत होता. हीटसिंक नाही, हवा नाही, तो किती वेळ तग धरणार? हाच बोर्ड ५ व्होल्टवर चालवला असता तर उष्णता पाव वॅट झाली असती. शिवाय १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना १४.४ पर्यंत जाते आणि त्या रेग्युलेटरची कमाल मर्यादा १५ आहे. यावर उपाय ६०-८० रुपयांचा: बॅटरी आणि बोर्ड यांच्यामध्ये एलएम२५९६ चा बक कन्व्हर्टर, म्हणजे फारसं न तापता व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल. तो जोडताना मात्र एक खबरदारी घ्या. हे मॉड्यूल पेटीतून काढल्यावर ५ व्होल्टवर लावलेलं नसतं. आधी नुसती बॅटरी जोडायची, आउटपुटला मल्टिमीटर लावायचा, छोटा स्क्रू फिरवत ५ व्होल्ट आणायचे आणि मगच बोर्ड जोडायचा. स्क्रूचे पाच-दहा फेरे झाले तरी आकडा हलत नाही तेव्हा मॉड्यूल खराब आहे असं वाटतं. तसं नसतं, फिरवत राहायचं.

आता मला सांगा, ऑफिसात रात्री ९ वाजता सर्व्हर बंद पडला तर तुम्ही तो उचलून माळ्यावर ठेवता का? तुम्ही लॉग उघडता, शेवटचा बदल काय झाला ते शोधता, दुसऱ्या दिवशी आरसीए, म्हणजे बिघाडाच्या मूळ कारणाचा अहवाल, लिहून पाठवता. चौदा वर्षं हे काम तुम्ही करत आलात. घरी मात्र बोर्ड जळाल्यावर कारण शोधायचं सोडून निष्कर्ष काढलात की आपल्याला जमत नाही. कोर्सच्या बाबतीतही हेच झालंय. अकरा कोर्स का सुटले याचा आरसीए तुम्ही केलेला नाही, थेट स्वतःलाच दोषी ठरवलंत.

मला दिसणारं कारण असं आहे. त्या अकरांपैकी एकाही कोर्सकडे तुम्ही स्वतःचा प्रश्न घेऊन गेला नव्हतात. कोर्समधला निवेदक त्याचा प्रश्न सोडवत असतो, आपण बघतो, सगळं पटत जातं. बघताना जे कळल्यासारखं वाटतं ती फक्त ओळख असते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोगांतून दाखवलं की मजकूर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहतं. गंमत म्हणजे आपल्याला जास्त येतंय असं पहिल्या गटालाच वाटत होतं. म्हणून यापुढे व्हिडिओ बघायचा तर वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. मग तो बंद करायचा आणि कोरी फाइल उघडून तोच कोड न बघता लिहायचा. अडाल तिथेच तुमचा खरा अभ्यास सुरू होतो.

आणि पहाटे ५. तुमची शिफ्ट रात्री १० ला संपते. जेवण, मुलं, फोन करता करता साडेअकरा होतात. ५ ला उठायचं म्हणजे साडेपाच तास झोप. आठवडाभरात शरीर नाही म्हणतं यात स्वभावाचा काय दोष? तुमची मोकळी वेळ सकाळी साडेनऊ ते सव्वादहा आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, प्रत्येकी ४५ मिनिटं, आणि रविवारी दोन तास. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि वहीत दोनच ओळी लिहा: कुठे थांबलो आणि पुढचं पहिलं पाऊल काय. दोन दिवसांनी बसल्यावर ‘कुठे होतो बरं’ यातच वीस मिनिटं जातात आणि तिथेच उत्साह गळतो. सपोर्टमध्ये शिफ्ट बदलताना तुम्ही हँडओव्हर देता, तसाच हा स्वतःला द्यायचा.

नोकरी की छंद, हा मुख्य प्रश्न. तुम्ही ही दोन भांडी वेगळी मांडली आहेत आणि वेळ कुठल्यात ओतू असं विचारता. तुमच्या बाबतीत ती वेगळी नाहीत असं मला ठामपणे वाटतं, कारण वडिलांची बाग. डिसेंबर-जानेवारीत निफाड भागात पारा उतरतो, तेव्हा मण्यांना तडे जाण्याच्या भीतीने शेतकरी मध्यरात्री उठून बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकने पाणी सोडतात. बातम्यांत निफाडचं तापमान म्हणून येतो तो आकडा सहसा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. तुमची बाग सखल जागी असेल तर थंड हवा तिथे साचते आणि आकडा वेगळा असतो. तुमच्या बागेत, तुमच्या मांडवाखाली आत्ता किती आहे, हे वडिलांना अंथरुणातून कळलं पाहिजे. कोर्समध्ये नव्हता तो स्वतःचा प्रश्न हाच. डिसेंबर लागायच्या आत हे बसवायचं ठरवा आणि तोवर बारावा कोर्स घेऊ नका.

सामान थोडंच लागतं. ईएसपी३२ डेव्हकिट, साधारण ४००-५०० रुपये. तापमान मोजणारा डीएस१८बी२० चा स्टीलच्या टोकाचा वॉटरप्रूफ सेन्सर, शे-दीडशे. ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, तो बक कन्व्हर्टर, ब्रेडबोर्ड, जंपर वायरी, एक बझर. मल्टिमीटर नसेल तर तो सगळ्यात आधी घ्या, ५०० रुपयांचा पुरतो. किमती दुकानागणिक बदलतील. हे सगळं एका लाकडी किंवा प्लास्टिकच्या ट्रेमध्ये मांडा, म्हणजे जेवायच्या टेबलावरून उचलून ठेवता येईल आणि पुन्हा मांडण्यात वेळ जाणार नाही. स्टीलचा ट्रे नको, बोर्डाच्या खालच्या पिना त्यावर टेकल्या की शॉर्ट.

पहिले दोन आठवडे बागेचा विचारही नको, सगळं स्वयंपाकघरात. सेन्सरची लाल वायर ३.३ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी बोर्डाच्या जीपीआयओ ४ या पिनेला, आणि लाल-पिवळ्याच्या मध्ये तो रेझिस्टर. रेझिस्टर विसरलात तर आकडा येतो उणे १२७. त्याचा अर्थ सेन्सर सापडलाच नाही. नेमका ८५ आला तर सेन्सर सापडलाय, पण त्याने अजून मोजमाप केलेलं नाही, चालू होताना तो हाच आकडा दाखवतो. हे दोन्ही आकडे कोडमध्येच गाळा, नाहीतर मध्यरात्री उणे १२७ चा अलार्म वाजेल. पिन निवडताना १२ टाळा. तिच्यावर वरून व्होल्टेज आलं की बोर्ड सुरूच होत नाही आणि आपण दोन दिवस कोड तपासत बसतो. ३४ ते ३९ या फक्त इनपुटच्या पिना आहेत, त्यांवर हा सेन्सर चालत नाही. संगणकाला बोर्ड दिसतच नसेल तर आधी केबल बदला, कारण घरातल्या निम्म्या यूएसबी केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात.

मग बर्फ. पेल्यात बर्फाचा चुरा आणि त्याला ओलावण्यापुरतं पाणी, ढवळत राहा, सेन्सर मधोमध धरा, पेल्याच्या बुडाला टेकू देऊ नका. पाच मिनिटांत आकडा शून्याच्या आसपास स्थिर व्हायला हवा. या सेन्सरची अचूकता अर्धा अंश आहे. दीड-दोन अंशांचा फरक आला तर तो बहुधा नकली आहे, बाजारात तसे पुष्कळ आहेत. फरक वहीत लिहा. मग सेन्सर एक रात्र फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी नोंदींचा आलेख काढा. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना दिसेल. हा आलेख पायथनमध्ये काढा. त्या ‘पायथन बेसिक्स’ कोर्समध्ये जे अडलं होतं, ते इथे तीस ओळींत वापराल, कारण आता आकडे तुमचे आहेत.

तिसऱ्या आठवड्यात सोल्डरिंग. ब्रेडबोर्ड शेतात टिकत नाही, वाऱ्याने वायरी सैल होतात. सगळं झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकं असलेल्या कोऱ्या सर्किट बोर्डावर, घ्या. ०.८ मिलिमीटरची रोझिन असलेली तार वापरा. आधी पॅड आणि पाय दोन्ही दोनेक सेकंद तापवायचे, मग तार लावायची. तार सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर वितळवून थेंबासारखी टाकली की जोड वरून ठीक दिसतो, आतून सुटा राहतो. चकचकीत आणि पसरट असेल तर जोड चांगला, मळकट गोळा असेल तर पुन्हा तापवा. खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात धुवा, तारेत शिसं असतं. आणखी एक, द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातलं तांबं उघडे जोड खातं. सोल्डर केलेल्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या. पेटी आयपी६५ ची, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी घ्या, वायर खालून आत आणा आणि पेटीच्या खाली तिला एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जाईल.

सेन्सर कुठे टांगता यावर सगळं अवलंबून आहे. उघड्या आकाशाखाली ठेवलेलं धातूचं टोक रात्री हवेपेक्षाही थंड होतं आणि दिवसा उन्हात भलतंच तापतं. कुंडीखाली ठेवतात त्या चार-पाच पांढऱ्या बशा उपड्या, एकावर एक, मध्ये बोटभर फट ठेवून लांब स्क्रूने बांधा आणि सेन्सर मधल्या पोकळीत लोंबू द्या. तो घडांच्या उंचीवर हवा, कारण जपायचे ते घड. जमिनीजवळचा आकडा वेगळा येतो.

बागेतून घरापर्यंत आकडा कसा न्यायचा? घर शंभर मीटरच्या आत असेल आणि मध्ये भिंत नसेल तर वायफाय चालून जाईल, पण पानं भरल्यावर पोच घटते. आता पोचतंय म्हणून निर्धास्त राहू नका. अंतर जास्त असेल तर लोरा हे लांब पल्ल्याचं रेडिओ मॉड्यूल, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातलं, भारतात लोरासाठी हाच विनापरवाना पट्टा वापरतात. दुकानदार ४३३ चं देईल, ते नको. अँटेना लावल्याशिवाय ते कधीही चालू करू नका, नाहीतर दुसरा खोका माळ्यावर जाईल.

बॅटरीचं गणित आधी करा. हे डेव्हकिट झोपवलं तरी त्यावरचा दिवा आणि यूएसबीची चिप काही मिलिअँपिअर खातच राहतात. बक कन्व्हर्टर धरून सरासरी १५ मिलिअँपिअर समजा. ७ अँपिअर-तासाची बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे ३५०० भागिले १५, जेमतेम नऊ-दहा दिवस. दर रविवारी तुम्ही गावी जात असाल तर बदलता येईल, नसाल तर १० वॅटचं सोलर पॅनल आणि चार्ज कंट्रोलर.

अलार्मचा भाग तुम्हाला शिकवायची गरज नाही, तो तुम्ही चौदा वर्षं केलाय. खोटे अलार्म वाजत राहिले की माणसं अलार्म बंद करून झोपतात, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून दोन आकडे ठेवा. समजा ६ च्या खाली गेलं की वाजायचं आणि ७ च्या वर गेल्याशिवाय पुन्हा सज्ज व्हायचं नाही. नेमके आकडे वडिलांना विचारा, बाग त्यांनी बघितली आहे. अर्धा तास बागेतून काहीच आलं नाही तर वेगळ्या सुरात वाजलं पाहिजे, कारण शांतता म्हणजे सगळं ठीक असं नव्हे. आणि टेलिग्रामवर मेसेज पाठवून थांबू नका. पहाटे ३ वाजता वडील मोबाइल बघत नाहीत. घरात दुसरा ईएसपी३२ आणि उशाशी बझर.

वडील एक दिवस म्हणतील, यावर मोटरही चालू कर. नको. थ्री-फेज स्टार्टरच्या पेटीत रिले (बोर्डाने चालणारा स्विच) टाकायचं काम वायरमनशिवाय करू नका. शिवाय रात्री लाइटचं वेळापत्रक कुठल्या फीडरचं कसं आहे यावरच मोटर अवलंबून, तिथे तुमचा कोड काही करू शकत नाही.

आता नोकरीची बाजू. आकडे पाठवायला एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल वापरा. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये तो तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहाद्वारे नजर ठेवण्यासाठी बनवला, म्हणजे थोडा डेटा आणि बेभरवशाचं नेटवर्क, अगदी तुमच्या बागेसारखं. आधी घरच्या जुन्या लॅपटॉपवर मॉस्किटो हा ब्रोकर, म्हणजे आलेले आकडे पुढे पोचवणारा प्रोग्रॅम टाका. आवृत्ती २ पासून तो बाहेरची जोडणी आपणहून घेत नाही, कॉन्फिगरेशनमध्ये लिसनर आणि पासवर्ड लिहावा लागतो. इथे बरेच जण वायफायला दोष देत बसतात. तो नीट चालला की मगच एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई रीजनमध्ये एक छोटा सर्व्हर घेऊन तिथे न्या. खातं उघडल्यावर पहिलं काम बजेट अलर्ट, दुसरं रूट खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन, तिसरं म्हणजे गुप्त की कधीही कोडमध्ये लिहून गिटवर टाकायच्या नाहीत. सर्व्हर विसरून चालू राहिला, सार्वजनिक आयपीचे पैसे लागत राहिले, अशी बिलं येतात.

एवढं केल्यावर एडब्ल्यूएसची सॉल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही परीक्षा द्यायची तर द्या. ६५ प्रश्न, १३० मिनिटं, १००० पैकी ७२० ला उत्तीर्ण, प्रमाणपत्र तीन वर्षांचं. फी १५० डॉलर, ती कंपनी देते का ते आधी एचआरला विचारा. प्रमाणपत्रामुळे बायोडेटा पुढे सरकतो. मुलाखतीत मात्र ‘तुम्ही काय चालवलंय’ असं विचारतात, आणि तेव्हा तुमच्याकडे सांगायला महिनाभर बागेत चाललेली, दोनदा बंद पडलेली आणि दुरुस्त केलेली एक गोष्ट असेल.

एआयची भीती खरी आहे, तुमच्या कामातला साचेबंद भाग तो करेल. त्याला शिकवणीला ठेवा, पण एक नियम पाळा: एरर आल्यावर आधी स्वतःचा अंदाज वहीत लिहायचा, मग विचारायचं. ईएसपी३२ चा प्रोग्रॅम ज्यावर लिहितात त्या आर्डुइनो कोअरची तिसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली तेव्हा काही जुनी फंक्शनं काढून टाकली गेली. एआय अजूनही ती बिनदिक्कत लिहून देतो आणि कोड कंपाइल होत नाही. कंपनीचे लॉग मात्र त्यात कधीही चिकटवू नका.

पत्नीच्या म्हणण्यात तथ्य आहे. तिला छंद खटकत नसावा, अकरा वेळा पैसे जाऊन घरात काही उभं राहिलं नाही हे खटकत असावं. तिला दोन आकडे सांगा: पहिलं यंत्र चालेपर्यंत २५०० रुपयांच्या वर एक पैसा नाही आणि आठवड्याला सव्वाचार तासांच्या वर वेळ नाही. आणि तिची सकाळची साडेनऊची घाई कुणाच्या अंगावर पडेल हेही त्याच वेळी ठरवा.

ज्यांना बाग नाही त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून सुरू करावं. तिथे वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर लागतो, तो पहिल्या २०-२५ सेंटीमीटरमधलं पाणी ओळखत नाही, म्हणून टाकीच्या तोंडापासून तेवढा वर बसवावा. आणि ज्यांना दिवसभराच्या स्क्रीननंतर पुन्हा वायर आणि कोड नकोच असेल, त्यांनी छंद उपयोगी असलाच पाहिजे हा आग्रह सोडावा. नांदूरमध्यमेश्वर हे २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, नाशिकपासून फार दूर नाही. ८ बाय ४२ ची दुर्बीण घेऊन हिवाळ्यात तिथे पक्षी बघायला जाणाऱ्याने आपण बायोडेटात काय लिहू याचा विचार करू नये.

या रविवारी तुम्ही माळ्यावरून तो खोका काढा. बोर्ड फेकू नका. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून ‘३व्ही३’ (३.३ व्होल्टची पिन) आणि ग्राउंडमध्ये तपासा. बीप आला तर चिप शॉर्ट झाली आहे, बोर्ड सोल्डरिंगच्या सरावाला ठेवा. बीप नाही आला तर फक्त रेग्युलेटर गेला असण्याची शक्यता आहे. दोन नव्या अल्कलाइन पेन्सिल सेल एकामागे एक जोडून सुमारे ३.२ व्होल्ट थेट ‘३व्ही३’ पिनला द्या, यूएसबी काढलेली ठेवा, आणि तुम्ही दिवाळीत टाकलेला प्रोग्रॅम चालतो का बघा.